पावसाचे गणित

पुण्यास शिवाजीनगर भागात ‘शिमला ऑफिस’ नावाचा एक चौक आहे. शिमला कोठे आणि पुणे कोठे! बाहेरगावचा मनुष्य या नावाने गोंधळतो. पुणेकराला मात्र त्या नावात काही विचित्र आहे याचाच केव्हा विसर पडलेला असतो. १९२८ साली हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून उठून पुण्यास आले. त्याच्यासाठी मनोऱ्याची इमारत उभी राहिली, आणि लोकांनी शिमल्याहून आलेल्या कचेरीला शिमला ऑफिस म्हणावयास सुरुवात केली. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीस गेले. चौकाचे नाव राहिले.

याच शहरात पाषाणला आज ‘अर्क’ नावाचा एक महासंगणक आहे. अर्क म्हणजे सूर्य. या सूर्याचे काम पावसाचा हिशेब करण्याचे आहे. शिवाजीनगर आणि पाषाण यांच्यातले अंतर काही फार नाही. पण हवामान खात्याच्या जुन्या कारकुनाची लेखणी आणि हे यंत्र यांच्यातले अंतर तुडवावयास शंभर वर्षे लागली, दोन महायुद्धे मध्ये गेली, आणि वाटेत एका विलक्षण माणसाचे अपयश आडवे आले. त्या वाटेची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपुढे न गेलेला, खेड्यातल्या शाळेत इतिहास शिकविणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी एक मास्तर. पण पावसाशी माझा संबंध वर्गाच्या हजेरीपटातून येतो. मृग वेळेवर बरसला की आठवडाभर निम्मा वर्ग शेतावर असतो. पाऊस दडी मारून बसला आणि दुबार पेरणीची पाळी आली, की त्या वर्षी मुलाला नवी वही आणावयास सांगताना मास्तराची जीभ अडखळते. एक बियाण्याची पिशवी चुकीच्या दिवशी मातीत गेली तर तिचा हिशेब दिवाळीपर्यंत, कित्येकदा पुढच्या दिवाळीपर्यंत, त्या घराला पुरतो. म्हणून पावसाचे भाकीत ही आमच्याकडे गप्पांची गोष्ट नाही.

भाकिते आमच्याकडे पूर्वापार आहेतच. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन दिलेले असते. कोठे बेडूक, कोठे उंदीर, कोठे म्हैस. सहदेव-भाडळीची वचने म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीकडे अक्षय्य तृतीयेला अजूनही शेकडो कास्तकरी डोळे लावून बसतात. यांना हसण्याचे मला कारण नाही. ज्याचे सर्वस्व आभाळावर टांगलेले आहे तो आभाळाला काही तरी विचारणारच.

सरकारने हा प्रश्न आभाळाला विचारावयास आरंभ केला तो दुष्काळानंतर. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि लगेच १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. लक्षावधी माणसे मेली. पाऊस येणार नाही हे आधी कळले तर निदान धान्य तरी हलविता येईल, हा विचार त्यातून पुढे आला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी असे ताडले की हिमालयात बर्फ फार पडले की त्या वर्षीचा मोसमी पाऊस दुबळा असतो. याच आडाख्यावर १८८६ साली पहिले रीतसर दीर्घ मुदतीचे भाकीत निघाले.

१९०४ साली या खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाच्या हाती आली. वॉकरसाहेबांची रीत आपल्याकडच्या पत्रिका जुळविण्यासारखी होती. मोसमी पावसाचे आकडे एका बाजूला मांडावयाचे आणि दुसऱ्या बाजूला जगभरच्या हवेचा दाब, तापमान, बर्फ, पाऊस. मग कोणाचे कोणाशी जुळते ते पाहावयाचे. हे जुळविण्याचे काम यंत्राने होत नव्हते. ते खात्यातील हिंदी कारकून कागदावर करीत होते, वर्षानुवर्षे. त्यांच्या बेरजा-गुणाकारांतून वॉकरना एक अद्भुत गोष्ट दिसली: प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि इकडे वाढला की तिकडे उतरतो. जणू दोन महासागरांत एक प्रचंड सी-सॉ चालला आहे. ज्या मोसमी पावसाच्या खात्रीच्या भाकितासाठी ही खटपट होती ते भाकीत काही त्यांच्या हाती लागले नाही. पण या सी-सॉचा पेरूच्या किनाऱ्यावरील ‘एल निनो’शी असलेला संबंध १९६९ साली याकोब बियर्कनेस यांनी उलगडला, तेव्हा शिमल्याच्या कारकुनांनी काय शोधून ठेवले होते ते जगाला कळले. या कारकुनांच्या हुद्द्याला इंग्रजीत त्या काळी एक शब्द होता: कॉम्प्युटर. हिशेब करणारा मनुष्य, एवढाच त्याचा अर्थ.

पत्रिका जुळविण्याखेरीज दुसरीही एक रीत असू शकते. हवा म्हणजे काही दैव नव्हे. ती एक वस्तू आहे. तिला वजन आहे, ती तापते, निवते, ढकलली की सरकते. तिच्या चालीचे नियम भौतिकशास्त्रास ठाऊक आहेत. मग आत्ता ती कशी आहे हे जर नेमके मोजले, तर पुढच्या क्षणी ती कशी असेल हे गणिताने का काढता येऊ नये? बियर्कनेस यांचे वडील विल्हेल्म यांनी १९०४ सालीच हा विचार मांडला होता. प्रत्यक्ष पाटी-पेन्सिल घेऊन बसला तो लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन हा क्वेकर पंथाचा इंग्रज. पंथाच्या शिकवणीप्रमाणे त्याने हाती शस्त्र घेण्याचे नाकारले. पण युद्ध सुरू असताना घरी बसणेही त्याला रुचेना. १९१६ साली तो फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या पथकात दाखल झाला. गाडी हाकावयाची, जखमींना आणावयाचे, आणि उसंत मिळाली की थंडगार मुक्कामाच्या जागी गवताच्या ढिगावर बसून आकडे मांडावयाचे. त्याने २० मे १९१० हा दिवस घेतला, कारण त्या दिवसाची युरोपातील निरीक्षणे चांगली उपलब्ध होती. मध्य युरोपचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा घरांत विभागला, आणि सहा तासांत तेथील हवेत काय फरक पडेल याचे गणित हाताने केले. सहा तासांच्या त्या भाकितास त्याला सुमारे सहा आठवडे लागले.

आणि उत्तर आले ते पार चुकलेले! हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे त्याचे गणित म्हणाले. हवेचा एकूण दाबच हजाराच्या घरात असतो. मोठ्या चक्रीवादळातही इतका फेर पडणे कठीण. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ होता तेथेच होता. एवढ्यावर संपले नाही. १९१७ च्या धुमश्चक्रीत त्याचे हस्तलिखितच हरवले, आणि कित्येक महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

दुसरा कोणी असता तर त्याने ते तेथेच राहू दिले असते. रिचर्डसनने १९२२ साली ते सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, चुकलेल्या उत्तरासकट. त्या ग्रंथात त्याने एक स्वप्नही लिहून ठेवले. एक प्रचंड गोल नाट्यगृह. त्याच्या भिंतींवर आणि छतावर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला. नकाशाच्या प्रत्येक भागापाशी माणसे बसलेली, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या घराचे गणित करीत आहे. आपले उत्तर निघाले की ते शेजाऱ्याला दाखवावयाचे, शेजाऱ्याचे आपण पाहावयाचे. कारण शेजारच्या घरातला वारा पुढच्या क्षणी आपल्या घरात येणार. मध्यभागी एका उंच खांबावर सूत्रधार उभा. जो भाग पुढे धावतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाशझोत टाकतो, जो मागे रेंगाळतो त्याच्यावर निळा. अशी किती माणसे लागतील याचाही त्याने हिशेब केला: चौसष्ट हजार.

मास्तर असल्यामुळे मला या चित्राचे फार आकर्षण आहे. चौसष्ट हजार विद्यार्थ्यांचा वर्ग, एकच गणित सर्वांत वाटून दिलेले, आणि शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणे हा गुन्हा नसून नियम!

रिचर्डसनची रीत चूक नव्हती, आरंभीचे आकडे चूक होते, हे पुढे सिद्ध झाले. पाण्याने भरलेली परात नुकतीच उचलून खाली ठेवली तर पाणी हिंदकळत असते. त्या हिंदकळण्यावरून कोणी परातीत भरती येत असल्याचे गणित मांडले तर काय होईल? तसेच झाले. निरीक्षणांतील बारीक विसंगतींनी त्याच्या गणितात खोट्या लाटा उठविल्या. आयर्लंडमधील पीटर लिंच यांनी अलीकडच्या काळात तेच आकडे घेऊन त्यांतले हिंदकळणे आधी शांत केले आणि रिचर्डसनच्याच वाटेने गेले, तेव्हा उत्तर समंजस आले. रिचर्डसनने मात्र १९२० सालीच हवामान खात्याची नोकरी सोडली होती; ते खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले, आणि त्याच्या मनाला ते पटले नाही.

दैवाचा खेळ पाहा. युद्धाचा विटाळ मानणाऱ्या या माणसाचे स्वप्न प्रत्यक्षात आणले ते युद्धासाठी बांधलेल्या यंत्राने. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याची कोष्टके करण्याकरिता ‘एनिॲक’ नावाचा संगणक बांधण्यात आला. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या, वजन तीस टनांच्या आसपास, आणि सेकंदाला पाच हजार बेरजा. १९५० च्या मार्च-एप्रिलमध्ये ज्यूल चार्नी आणि त्यांचे सहकारी या यंत्रापाशी तळ देऊन बसले. पाठीशी थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन होते. यंत्रास आज्ञा कशा लिहाव्यात हे या मंडळींना शिकविले क्लारा फॉन नॉयमन यांनी. चार्नींनी रिचर्डसनच्या अपयशाचा नीट अभ्यास केला होता. त्यांनी समीकरणांतून त्या खोट्या हिंदकळणाऱ्या लाटाच गाळून टाकल्या. एकेका घराची बाजू ७३६ किलोमीटर, म्हणजे अखंड महाराष्ट्र दीड-दोन घरांत मावावा अशी. तेहेतीस दिवस आणि रात्री काम चालले. चोवीस तासांचे भाकीत काढावयास यंत्रास जवळजवळ चोवीस तासच लागले. यंत्र वाऱ्याच्या बरोबरीने धावले. त्याच्या पुढे काही ते जाऊ शकले नाही. पण नकाशे ओळखू येण्याजोगे निघाले! चार्नींनी ते रिचर्डसनला पाठविले, आणि म्हाताऱ्याने मनापासून शाबासकी दिली. १९५३ साली तो वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी स्वीडनने यंत्राच्या भाकिताचा रोजचा वापर सुरू केला.

येथे वाचकास वाटेल की आता यंत्र मोठे करीत जावे म्हणजे झाले. तसे नाही. १९६१ साली अमेरिकेतच एडवर्ड लोरेंझ हे एका लहान संगणकावर कृत्रिम हवामान चालवून पाहत होते. एक गणित मधूनच पुन्हा चालवावे म्हणून त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच घातला. दशांशाच्या तिसऱ्या स्थळानंतरची ती क्षुल्लक काटछाट. पण थोड्याच काळात नवे हवामान आणि जुने हवामान यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हवेचा स्वभावच असा आहे की आरंभीची तिळाएवढी चूक वाढत वाढत ताडाएवढी होते. म्हणून अमुक दिवसांपलीकडे रोजच्या हवेचे भाकीत कितीही मोठ्या यंत्राने करता येणार नाही. यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली ती व्यवहारी माणसाची आहे: एकच गणित करावयाचे नाही, आरंभाचे आकडे जरा जरा बदलून पुष्कळ गणिते करावयाची. बहुतेकांची उत्तरे एक आली तर विश्वास ठेवावा. फाटे फुटले तर जपून राहावे. १९९२ पासून युरोपात व अमेरिकेत हीच पद्धत चालू झाली, आणि त्यामुळे यंत्राचे काम पुन्हा कित्येक पटींनी वाढले.

आपल्या देशास असे मोठे यंत्र हवे होते ते मुख्यतः मोसमी पावसासाठी. राजीव गांधींच्या कारकीर्दीत अमेरिकेकडे क्रे कंपनीच्या महासंगणकाची मागणी करण्यात आली. अमेरिकेस भीती अशी, की पावसाच्या नावाने घेतलेले यंत्र उद्या अणुबाँबचे गणित करू लागेल. हवे ते यंत्र मिळाले नाही. त्याहून कमी शक्तीचे, अटी घालून मिळाले. ते दिल्लीस बसले आणि त्यावर मध्यम मुदतीच्या भाकितांचे काम सुरू झाले. परंतु मागितलेल्या वस्तूला नकार मिळाल्याची सल राहिली. १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९१ साली या संस्थेने ‘परम ८०००’ उभा केला.

त्याची युक्ती पाहिली की रिचर्डसनचे नाट्यगृह डोळ्यांपुढे येते. एकच अतिवेगवान मेंदू बनविणे तेव्हा आपल्या आवाक्यात नव्हते. तसे मेंदू विकत मिळत नव्हते. पण साधे, लहान मेंदू बाजारात मिळत होते. असे चौसष्ट लहान मेंदू एकत्र जोडले, प्रत्येकाला गणिताचा एक तुकडा दिला, आणि शेजाऱ्याला उत्तर कळविण्याची सोय केली. चौसष्ट हजारांऐवजी चौसष्ट. पण तत्त्व तेच. आज जगातले सगळे महासंगणक याच तत्त्वावर चालतात.

आता हे सर्व आपल्या अंगणात आणून पाहू. २६ जुलै २००५ ला मुंबईवर आभाळ फाटले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरात, पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यास किती? सुमारे ७४. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली; कोणी गाडीत गुदमरून, कोणी दरड कोसळून. तेव्हा दिल्लीच्या यंत्रावर जगाच्या हवेचे जे गणित होई, त्यातील घराची बाजू दीडशे किलोमीटरच्या आसपास होती. सांताक्रूझ आणि कुलाबा त्याच्या लेखी एकच. ज्या जाळ्याची भोके हत्तीएवढी, त्यात मासळी कशी सापडावी?

मग जाळे बारीक विणावे. पण त्याची किंमत ऐका. घराची बाजू निम्मी केली की घरे चौपट होतात. शिवाय वारा घर लवकर ओलांडतो म्हणून काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. एकूण काम आठपट. हवेचे उभे थरही दुप्पट केले तर सोळापट. या एका गुणाकाराने महासंगणकांची सारी चढाओढ चालविली आहे. २०१८ साली पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्यूष’ आला, आणि घर बारा किलोमीटरचे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ आला. त्याचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स, असे म्हणतात. हा शब्द आपल्याला परका. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीतील संख्यांची नावे ज्यांना पाठ असतील त्यांना तो परका वाटू नये. एकावर पंधरा शून्ये म्हणजे अंत्य, सोळा म्हणजे मध्य, सतरा म्हणजे परार्ध. अर्क एका सेकंदात एक मध्याहून अधिक गणिते करतो. एनिॲक करी पाच हजार बेरजा! मे २०२५ मध्ये या संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटरच्या घराची भाकितपद्धती देशात लागू झाली.

याचे फळ काय? ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार माणसे घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले होते. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. हे सारे श्रेय यंत्राचे नव्हे. उपग्रह होते, निवारे होते, घरोघर जाऊन लोकांना उठविणारे कामगार होते. पण वादळ कोठे आणि केव्हा येणार हे ठाऊक नसते तर त्यांनी कोणाला आणि कोठून उठविले असते?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००२ साली पाऊस सर्वसाधारण होईल असे भाकीत होते. तो सरासरीहून १९ टक्के कमी पडला. २००९ साली २२ टक्के कमी पडला, आणि तेही नीट आधी सांगता आले नाही. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याच्या चुकलेल्या अंदाजाविरुद्ध थेट पोलिसांत गेले. शहरातली माणसे ही बातमी वाचून हसली. मला हसू आले नाही. सर्वांनी ज्याच्या शब्दावर पेरणी करावी त्याने चुकीची जबाबदारीही घ्यावी, एवढेच ते शेतकरी म्हणत होते. आणि सहा किलोमीटरचे घर कितीही बारीक वाटले तरी त्यात आमचे गाव, दोन वाड्या आणि मधला ओढा एवढे सर्व मावते. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

मग पंचांग आणि महासंगणक यांत फरक तो काय राहिला? माझ्या मते फरक एकच, पण फार मोठा. महासंगणकाचे भाकीत दुसऱ्या दिवशी तपासले जाते. किती पाऊस सांगितला, किती पडला, चूक कोठे झाली, हे रोज लिहून ठेवले जाते, आणि त्या चुकांवरूनच पुढचे गणित सुधारले जाते. यामुळेच जगातील भाकिते दर दहा वर्षांनी सुमारे एकेका दिवसाने लांब पोचत गेली आहेत. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी यंत्रे काही मिनिटांत दहा दिवसांचे भाकीत करून दाखवू लागली. तीही शिकली आहेत ती अशाच चाळीसेक वर्षांच्या तपासून, जपून ठेवलेल्या नोंदींवर. रिचर्डसनने आपले चुकलेले उत्तर छापले नसते, तर चार्नींना काय गाळावयाचे हे कोणी सांगितले असते?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी पावसाळ्यात एक फळा ठेवला आहे. पहिल्या रकान्यात खात्याचा अंदाज, दुसऱ्यात पंचांगातले वाहन, तिसऱ्यात शाळेच्या पर्जन्यमापकात प्रत्यक्ष पडलेले मिलिमीटर. मुले फार कठोर परीक्षक असतात. एक-दोन दिवसांच्या अंदाजाला ती बऱ्यापैकी गुण देतात, पाच दिवसांच्याला हात आखडून देतात. पंचांगाच्या रकान्यात मात्र त्यांना गुणच देता येत नाहीत. बेडूक आला म्हणजे किती मिलिमीटर, हे कोणी त्यांना सांगू शकत नाही. गेल्या जूनमध्ये एका मुलाचे वडील बियाण्याची पिशवी मोटरसायकलला बांधून शाळेवरून चालले होते. गाडी थांबवून ते आत आले, फळ्यापुढे उभे राहिले, आणि आधी तिसरा रकाना वाचला, मग पहिला. वरच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहत बराच वेळ उभे होते. “चार दिवस थांबतो, मास्तर,” असे म्हणून ते पिशवीसकट घरी परतले.